एक राऊंड उशीर

बा, तुला यातलं काही आठवत असेल अशी मला आशाच नाही. जिवंत होतास तेव्हा चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधायचास. सेलूच्या बाजारात मीठ आणायला जायचास आणि दोरखंड घेऊन यायचास. माझ्या लग्नाच्या दिवशी सकाळी मायला विचारलं होतंस, "आज आपल्या घरी एवढे लोकं काऊन जमा झाले व?" आता तर तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुझ्या नातवांचे केस पिकले. म्हणून मीच सगळं पहिल्यापासून सांगते, तू नुसता ऐक. मधेच "हां, आलं ध्यानात" म्हणू नकोस. तू हां म्हटलंस की तुझ्या ध्यानात काहीच आलेलं नाही हे साऱ्या वस्तीला कळायचं. लिहून घेते आहे ती माझी सून. शाळेत मास्तरीण आहे, अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात. मला काय, कागदावर मोती सांडले काय आणि ज्वारी सांडली काय, सारखंच. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. मी दोन शिव्या घालते, ती एकही लिहीत नाही. तुझं-माझं बोलणं इतकं सोज्वळ कधीच नव्हतं, पण असू दे.

कारण असं घडलं, की तुझी पणती मुक्केबाजी करते. हो, पोरगी! नागपूरला वसतिगृहात राहते, सकाळी पाचला उठून पळते, आणि तिचे दंड तुझ्या दंडांसारखे आहेत. परवा तिचा सामना होता. सुनेनं मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून माझ्यासमोर उभा केला आणि आम्ही दोघी चहा विसरून बघत बसलो. काय पोरगी नाचली, बा! पहिल्या राऊंडला मी खाटेवरून दोनदा उठले, दुसऱ्यांदा उठले तेव्हा गुडघ्यानं आठवण करून दिली की म्हातारे, तू कोण आहेस. पण दुसऱ्या राऊंडला समोरची उंच पोरगी आत घुसली. हनुवटीवर एक, लगेच दुसरा, तिसरा. आपली पोरगी दोरीला टेकली, पुन्हा पुढे आली, पुन्हा खाल्ला. आणि मग तिनं पंचाकडे पाहून हात वर केला. नको म्हणाली. आपल्या पायानं चालत बाहेर आली. तेव्हापासून सगळ्यांना बोलायला विषय झाला आहे. इथल्या गल्लीतला एक जण, ज्यानं आयुष्यात डासही नीट मारला नाही, तो म्हणतो, "पोट्टीनं नाक कापलं." पोरगी माझा फोन उचलत नाही. आपल्या आईला, म्हणजे या सुनेला, मात्र तिनं सांगितलं, "पणजोबांनी नव्हता का भर मैदानात दुपट्टा फेकला, पोराला वाचवायला? मग माझं काय चुकलं?" आणि आई आता मला विचारते आहे, तिला काय सांगू. म्हणून मी तुला विचारते आहे. कारण तो दुपट्टा तू फेकला नव्हतास हे फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातला एक मेला.

तू फौजेतून हवालदार होऊन आलास तेव्हा तुझ्या पत्र्याच्या पेटीत दोन खाकी सदरे, एक कंगवा आणि चामड्याच्या हातमोज्यांचे दोन जोड होते. माय पेटीत सोनंनाणं शोधत होती, तिच्या हाती ते मोजे आले. ती म्हणाली, "हे काय आणलं? बैलाच्या तोंडाले बांधाचं हाय का?" तू परसातल्या चिंचेला कुटारानं, म्हणजे भुशानं, भरलेलं पोतं टांगलंस आणि भावाला त्याच्यासमोर उभं केलंस. भाऊ तेव्हा सतरा-अठराचा, डावरा, हात लांब, बोलणं कमी. मोज्यांतलं भरण झिजलं की तू शेतातला कापूस वेचून आणायचास, सरकी काढायचास, आणि दाभणानं मोजे पुन्हा शिवायचास. वर्ध्याकडे असं मुक्के मारायचं कोणी ऐकलं नव्हतं. इथे लोकांना कुस्ती माहीत. संध्याकाळी माणसं चिंचेखाली येऊन बसायची आणि विचारायची, "धरत काऊन नाई बे याले? धर न पाड!"

स्वयंपाकघरातली ती सकाळ मला दिसते आहे. माय भाकरी थापते आहे, मी चुलीत काड्या सारते आहे, आणि तू चुलीसमोर उभा राहून आम्हाला कायदे शिकवतो आहेस. कमरेखाली मारायचं नाही. पडलेल्याला मारायचं नाही. दहा मोजेपर्यंत उठला नाही तर हरला. आणि कोपऱ्यात बसलेल्या उस्तादाला वाटलं की आता पुरे, तर त्यानं खांद्यावरचं फडकं आत फेकायचं. फडकं पडलं की लढत थांबली, आपली हार झाली. मायनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "हराची एवढी सोपी रीत होती हे आधी सांगाचं होतं. मीनं लग्नातच फडकं फेकलं असतं." मी हसून हसून धुरात ठसकले. तू नाही हसलास. तू म्हणालास, "ते रीत दुसऱ्यासाठी हाय. आपल्या कोपऱ्यातून फडकं जाणार नाई."

त्या वर्षांत तुझ्या बोलण्यात 'मान' हा शब्द फार आला होता. आपण दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्याची ही गोष्ट. नागपूरहून आल्यावर तू घरातले देव नदीत सोडलेस, पांढरा सदरा शिवलास, आणि चालणंही बदललंस. आधी गावातून जाताना भिंतीकडेनं जायचास, आता मधून चालू लागलास. समोरून बैलगाडी आली तर बैल थांबायचे. अशात वर्ध्याहून बातमी आली. एका कापसाच्या जिनाच्या शेठला कुणी भरवलं होतं की फौजेसारखी मुक्केबाजी ठेवा, लोक लोटतील. जिंकेल त्याला चांदीचा पेला, आणि त्यापेक्षा मोठं म्हणजे जिनात बारमाही काम. बारमाही! कापसाचा हंगाम संपला की आपली वस्ती अर्धपोटी व्हायची, आणि इथे कोणी बारा महिन्यांचं काम देतो म्हणत होता, तेही नुसतं एकाला हाणून. समोर येणार होता कामठीचा एक पहिलवान, छावणीत शिकलेला. तू भावाला म्हणालास, "आपली मान आता कुठं वर झाली. पडला तं उठजो. पुन्हा पडला तं पुन्हा उठजो. वाकाचं नाई."

मी तेव्हा चौदाची होते आणि माझ्या जिभेला कुलूप नव्हतं. मी म्हणाले, "मान वर ठेवाले आधी ते धडावर पाहिजे ना, बा?"

"तोंड आवर," तू म्हणालास. "पोट्टीची जीभ पाह्य, कैचीवानी."

आता मी कोपऱ्यात कशी पोहोचले ते तू साफ विसरला असशील. पाणी धरायला जो गडी येणार होता त्यानं आदल्या दिवशी कुणाकडे रोडगे इतके हाणले, की सकाळी तो लोटा घेऊन नाल्याकडे गेला तो परत आलाच नाही. गाडीची वेळ झाली होती. तू बादली माझ्या हाती दिलीस. मायनं दारात माझा दंड धरला आणि भावाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "जसा नेला तसा सगळा आणजो व त्याले." तिनं हे तुला नाही सांगितलं, मला सांगितलं. सेलूच्या ठेसनावर आपण गाडीत चढलो. भाऊ खिडकीशी बसून मुठी उघडतो आहे, मिटतो आहे, आणि मी मांडीवर बादली घेऊन राणीसारखी बसले आहे.

आणि ते मैदान, बा! आज डोळे मिटले तरी दिसतं. जिनाच्या आवारात शेठनं कापसाच्या दाबलेल्या गाठी एकमेकींना लावून चौथरा केला होता, वर बारदान ताणलं होतं, चार कोपऱ्यांना बांबू आणि बांबूंना सुंभाची दोरी. असा आखाडा फौजेतही नसेल. कडेला सरकीचे डोंगर होते आणि त्या डोंगरांवर माणसं, माणसं, माणसं. सकाळचं ऊन चढायच्या आत आवार भरलं. आपल्या वस्तीतून दोन बैलगाड्या भरून लोक पहाटेच निघाले होते, ते पुढे येऊन बसले. प्रत्येकाच्या खांद्यावर धुतलेला पांढरा दुपट्टा, जणू लग्नाला आले होते. मला बादली घेऊन कोपऱ्यात चढताना पाहून कोणी ओरडलं, "हवालदार, पोरगी लढणार हाय का पोरगा?" मी वळून म्हणाले, "तू ये ना वर, मंग सांगते!" सारा सरकीचा डोंगर हसला. तुझ्याही मिशीत हललं काहीतरी, मी पाहिलं.

घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगला होता. त्यावर हातोडा पडला आणि भाऊ पुढे गेला. कामठीवाला रुंद होता, मान तर नव्हतीच, डोकं सरळ खांद्यातून उगवलेलं. तो उजव्या हाताची वाट पाहत होता, आणि आपला भाऊ डावरा! पहिलाच डावा हात असा बसला, की त्या गड्यानं कोण मारलं म्हणून बाजूला पाहिलं. लोक उसळले. दुसरा डावा. तिसरा! गाठींचा चौथरा पायाखाली दबत होता, उचलत होता, भाऊ त्यावर बकरीच्या पिलासारखा उड्या मारत होता. मी बादली पालथी घातली, तिच्यावर चढले, सारं पाणी तुझ्या जोड्यांत गेलं. मी ओरडत होते, "मार भाऊ! आणखी मार! बारमाही मार!" तू ओरडत होतास, "हात वर, हात वर." आपण बापलेक इतके सुखी पुन्हा कधी झालो का रे? मला तरी आठवत नाही, आणि तुझं तर काय विचारायचं.

दुसऱ्या राऊंडला त्या गड्याला डाव कळला. तो भावाच्या डाव्या हाताबाहेरून फिरू लागला आणि जवळ येऊन बरगड्यांत मारू लागला. आवाज यायचा, माय गोधडी झोडपायची तसा. भावाची भुवई फुटली. तू राख लावलीस, बोटानं दाबून धरलीस, मी नव्यानं भरून आणलेलं पाणी त्याच्या डोक्यावर घातलं. भाऊ म्हणाला, "दिसून राह्यलं. काई नाई झालं." तिसऱ्या राऊंडला तो दोनदा पडला आणि दोनदा उठला. दर वेळी आपले लोक उभे राहायचे, आणि दर वेळी तुझी छाती एक इंच पुढे यायची. मग रूळ वाजला. आणि भाऊ चालत चालत कामठीवाल्याच्या कोपऱ्यात गेला आणि त्याच्या स्टुलावर जाऊन बसला.

लोक पोट धरून हसले. कामठीवाला उभा राहून आपल्या स्टुलाकडे बघत राहिला. मीसुद्धा हसले, मोठ्यानं. तू दोरीखालून जाऊन भावाला हाताला धरून आणलंस, बसवलंस, विचारलंस, "कोणता राऊंड हाय?" भावानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गाडी लागली का ठेसनात?"

बा, त्याच क्षणी मला कळलं होतं. मी चौदाची होते, मूर्ख नव्हते. आणि तुलाही कळलं होतं, कारण तू त्याच्या डोळ्यांसमोर दोन बोटं धरलीस आणि त्यानं उत्तर द्यायच्या आत बोटं मिटून घेतलीस. तुला उत्तर ऐकायचं नव्हतं. तू मागे वळून आपल्या लोकांकडे पाहिलंस, त्या सगळ्या धुतलेल्या दुपट्ट्यांकडे. आणि मी काय पाहिलं सांगू? मी बारमाही काम पाहिलं. पक्कं घर पाहिलं. भाऊ पगाराच्या दिवशी घरी येतो आहे आणि शेजारणी माझ्याकडे जळून पाहताहेत, तेही पाहिलं. आणि खरं तर एवढंही नाही. मला मजा येत होती. मला आणखी एक राऊंड हवा होता.

चौथा राऊंड सुरू झाला. भाऊ हात वर करत नव्हता. कामठीवाला वाईट माणूस नव्हता, तो दोनदा मागे सरला, पंचाकडे पाहिलं. पंच म्हणाला, लढो. मग त्यानं डाव्या कानावर मारलं. भावाचं डोकं असं फिरलं, की मला वाटलं ते परत फिरणार नाही. दुसरा मुक्का त्याच कानावर. कानातून तांबडी रेघ गळ्यापर्यंत आली. मी म्हणाले, "बा, फेक." तू ऐकलं नाहीस. मी म्हणाले, "बा, मायनं सगळा आणाले सांगितला हाय." तू समोर बघत होतास, पापणी लवत नव्हती, ओठ मात्र हलत होते, "उठजो, उठजो," तो पडलेलाही नव्हता तरी. मग मी तुझ्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, गोळा केला, आणि जीव खाऊन आत फेकला.

आणि नशीब बघ! दुपट्टा हवेत असताना, बरोबर त्याच वेळी, भावानं आंधळेपणानं डावा हात फिरवला आणि तो त्या गड्याच्या जबड्यावर बसला. गडी डगमगला, एक पाऊल मागे गेला. आता आपल्या लोकांना तुझे फौजेचे कायदे कुठून माहीत? त्यांना दंगल माहीत. दंगलीत कुणी चांगला डाव टाकला की खांद्यावरचा दुपट्टा उडवायचा, शाबासकी म्हणून. त्यांनी पाहिलं, भावाचा हात लागला, आणि खुद्द हवालदाराच्या कोपऱ्यातून दुपट्टा उडाला! मग काय? सरकीच्या डोंगरावरून दुपट्ट्यांचा पाऊस पडला. पांढरे, पिवळे, काठाचे, फाटके. टोप्या आल्या. एक छत्री आली. कुणीतरी जोशात एकच जोडा फेकला. पंचाच्या तोंडावर एक ओला दुपट्टा बसला आणि तो बिचारा मेंढीसारखा गोल फिरला. चौथऱ्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. रूळ बडवू बडवू हातोडीवाला थकला. पंचानं लढत थांबवली, नाइलाजानं, साफसफाईसाठी.

दुपट्टे उचलायला लोक वर चढले आणि तिथे दुसरीच दंगल लागली. "अबे थो माह्या हाय, लाल काठाचा!" "लाल काठ तुह्या बापानं पाह्यला होता का? सासऱ्यानं देल्ला मले थो!" "छत्री कोणाची वो, छत्री?" या गोंधळात भाऊ बारदानावर मांडी घालून बसला होता आणि एकेका दुपट्ट्याची घडी करत होता. शांतपणे. जसा घरी माय धुणं वाळवून आणायची तेव्हा करायचा. तू त्याला पाहत होतास. मी तुला पाहत होते. पंच खाली वाकून तुझ्याजवळ आला. तोही फौजेतला, समजदार माणूस, त्याला शंका आली होती. म्हणाला, "हवालदार साब, इसमें तौलिया आपका भी था क्या?"

तुला 'नाही' म्हणता आलं असतं. साऱ्या मैदानाला वाटत होतं की आपण जिंकत आलो. तू म्हणाला असतास की पोरीनं खुशीत उडवला, तर कोणी काही विचारलं नसतं. राऊंड पुढे चालला असता. मी तुझा सदरा मागून मुठीत धरला होता. तू माझ्याकडे पाहिलंच नाहीस. आपल्या लोकांकडेही नाही. तू म्हणालास, "जी. हमारा है. हमने फेंका."

पहिल्यांदा कोणालाच कळलं नाही. मग कामठीवाल्याचा हात पंचानं वर केला तेव्हा कळलं. आपल्या बैलगाड्या आपल्यासाठी थांबल्या नाहीत. एक म्हातारा तुझ्याजवळून जाताना म्हणाला, "तुह्याकडून हे नव्हतं वाटलं." कामठीवाल्यानं पेला घेतला आणि काम नको म्हणाला. त्याला फौजेचा पगार होता. शेठनं ते बारमाही काम मग कुणालाच दिलं नाही. तेवढं मात्र बरं झालं, नाहीतर जळून जळून मी काळी पडले असते, आहे त्याहून.

परतीच्या गाडीत भाऊ डोकं खिडकीला टेकून झोपला. मी तुझ्या शेजारी बसून रट्ट्याची वाट पाहत होते. पाठ ताणून ठेवली होती. सेलू जवळ आल्यावर तू बोललास, खिडकीबाहेर बघत, "फेकाचाच होता तं आधी काऊन नाई फेकला?" बस. तेवढंच. मला वाटलं, मला रागावलास. एक राऊंड उशीर केला म्हणून. वर्षानुवर्षं मी ते माझ्यासाठीचंच बोलणं समजून जपून ठेवलं. मुलं झाली, सुना आल्या, तेव्हा कुठे एक दिवस तांदूळ निवडताना एकदम लक्षात आलं, की तू माझ्याकडे पाहत नव्हतास. तुला काचेत कोण दिसत होतं ते तूच जाणे.

भावाचा डावा कान गेला तो गेलाच. बाकी तो खणखणीत राहिला. सायकलीचं दुकान टाकलं, लग्न केलं, सत्तरीतही सुईत दोरा स्वतः ओवायचा आणि मला दाखवायचा. पण तुझ्याशी तो दोन वर्षं बोलला नाही. जेवताना मला सांगायचा, "त्याईले विचार, भाकर पाहिजे का." तू समोर बसलेला असायचास. तो सगळ्या गावाला सांगायचा, "माह्या हात लागला होता. गडी हालला होता. आणखी एक हात पाहिजे होता, न बापानं दुपट्टा फेकला." कदाचित खरंही असेल. कुणाला माहीत? तू ऐकून घ्यायचास आणि बिडी पेटवायचास. एकदा बोलायचं होतंस, बा, की मीनं नाही, पोरीनं फेकला. एका वाक्यानं पोरगा परत मिळाला असता. तू नाही बोललास, आणि मीही नाही बोलले. मी घाबरट होते. तू गेल्यानंतर तीन महिन्यांनी मी भावाच्या दुकानात गेले आणि त्याला सगळं सांगून टाकलं, अगदी पहिल्यापासून. फक्त बसताना त्याच्या डाव्या बाजूला बसले. तो चाकाचे आरे ताणत होता. शेवटी म्हणाला, "काय म्हणत होती?" मी म्हणाले, "चहा पेशील का?"

त्या उन्हाळ्यानंतरच तू वर्ध्याहून माझ्यासाठी पाटी आणलीस. मीठ आणायला गेला होतास म्हणा. त्यावर स्वतःच्या हातानं एक अक्षर काढून दिलंस. ते मला बदकासारखं दिसलं. आठ दिवस मी गिरवलं, बदकाची म्हैस झाली, आणि मी पाटी चुलीमागे ठेवून दिली. तेव्हा तू मला एकदाही म्हणाला नाहीस, की उठजो, पुन्हा उठजो. तुझं लढतीवरून मन उडालं होतं. आणि आज मी विचार करते, की आपण दोघांनीही उलटं केलं. कान फुटत होता तिथे तू धरून बसलास, आणि अक्षर येत नव्हतं तिथे दोघांनी सोडून दिलं. पाटीनं कुणाच्या कानातून रक्त काढलं नसतं. तिच्यासमोर मी रोज हरले असते तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसता आलं असतं. पोरीला मी एवढं तरी सांगू शकते: उद्या परत उभं राहता यावं म्हणून आज खाली उतरणं, ते वाकणं नाही. वाकून गेलेला माणूस कसा दिसतो ते मी आजोबांमध्ये, तुझ्या बापात, पाहिलं आहे. ती पायानं चालत बाहेर आली तेव्हा तशी दिसत नव्हती. आणि स्वतःचा हात तिनं स्वतःच वर केला, बा. तिला कुणाचा दुपट्टा चोरावा लागला नाही.

पण तिचा प्रश्न तुझ्याबद्दल आहे. पणजोबांनी फेकला होता ना? मी रात्रंदिवस तोच घोळवला, आणि माझं उत्तर असं आहे: फेकला मी, पण पंचासमोर तो उचललास तू. मी फेकलेला तर शाबासकीच्या ढिगात हरवला होता. तू 'हमारा है' म्हणालास तेव्हा ती हार झाली, आणि तेव्हाच भाऊ वाचला. म्हणून पोरगी सांगते ते खोटं नाही. सूनबाई, तिला सांग, हो म्हणावं, पणजोबांनीच फेकला. हे तुला मान्य नसेल, बा, तर स्वप्नात येऊन भांड. येताना रस्ता विसरू नकोस.

सूनबाई विचारते, पत्ता काय लिहू. कुठला पत्ता? हे वाचेल तो तू नाहीस, आणि वाचायला पाहिजे ती पोरगी, तर तिला हे पाठवायची माझी छाती नाही. कारण एक सांगायचं राहिलं आहे. लिही, सूनबाई, आणि माझ्याकडे अशी पाहू नको. सामना संपल्यावर पोरीचा पहिला फोन तुला नव्हता आला, मला आला होता. तू गच्चीवर कपडे काढायला गेली होतीस. आवाज जड होता, जीभ सुजलेली. म्हणाली, "आजी, मीनं सोडली." आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला? लागलं का नाही. जेवली का नाही. मी म्हणाले, "काऊन सोडली व?" तिनं फोन ठेवला.

घडी घाल आणि ठेवून दे कागद तुझ्या वह्यांत. उद्या सकाळच्या बसनं डबा मात्र जाऊ दे. चिवडा नको, चकली नको, जबडा दुखते पोरीचा. मुगाचे लाडू कर. तूप माझ्या बरणीतलं घे, हात आखडू नको, आणि नरम बांधजो, दात न लावता तोंडात विरले पाहिजेत.